घर विकताना उजेडाचा हिशेब

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, डोंबिवलीतल्या किंवा चिंचवडमधल्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके फ्लॅट पाहायला एक कुटुंब आले आहे, असे समजू. खाली रस्त्यावर त्या वेळी लाखाच्या घरात लक्स उजेड असतो. एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजण्याचे लक्स हे एकक आहे. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर धरली, तर तिचा आपल्यावर पडणारा उजेड साधारण एक लक्स भरतो. जिन्यात शिरल्यावर त्या लाखाचे काहीशे होतात, फ्लॅटच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये जेमतेम तीस-चाळीस उरतात, आणि दार उघडल्यावर हॉलमध्ये शंभर-दीडशे लक्स असतात. म्हणजे दोन-तीन मिनिटांत त्या माणसांच्या डोळ्यांपुढचा उजेड जवळजवळ हजार पटींनी उतरलेला असतो.

डोळ्याला एवढी उतरण झटकन पेलत नाही. आपल्या बाहुलीचा व्यास फार तर दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तिचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त सोळा पट होते. हे काम काही सेकंदांत उरकते, पण हजार पटींतले सोळा पटच त्यातून भरून निघतात. उरलेली तूट भरून काढण्याचे काम डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींतल्या रासायनिक बदलांवर सोपवलेले असते आणि त्याला काही मिनिटे लागतात. फ्लॅट पाहायला आलेली माणसे अनेकदा दहा-पंधरा मिनिटांतच बाहेर पडतात. हॉलबद्दलचे त्यांचे मत मात्र पहिल्या मिनिटात, डोळे अजून उन्हातच असताना तयार झालेले असते.

मालकाचे डोळे सकाळपासून त्याच हॉलमध्ये असतात. त्यामुळे ‘आमच्याकडे उजेड भरपूर आहे’ असे तो म्हणतो तेव्हा तो थापा मारत नसतो. त्याला ते घर खरोखरच उजळ दिसत असते. ब्रोकरने दिवे लावून ठेवायला सांगितले, तर ‘दिवसाढवळ्या कशाला दिवे?’ हे उत्तर त्याच्या तोंडून अगदी प्रामाणिकपणे येते. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला तर दिव्यांची गरज रात्रीपेक्षा भर दुपारी जास्त असते. रात्री आलेल्या माणसाचे डोळे रस्त्यावरच्या दहा-वीस लक्समधूनच आलेले असतात. त्याला शंभर लक्सचा हॉल झगमगीत वाटतो. म्हणून घर दाखवायच्या वेळी, बाहेर कितीही ऊन असले तरी, आतले सगळे दिवे आधीच लावलेले असावेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाराबाहेरच्या पॅसेजमधला दिवाही चालू असावा. हा दिवा बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या मीटरवर असतो आणि दिवसा बंद ठेवलेला असतो. वॉचमनशी किंवा सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवले की काम होते. डोळ्यांना उन्हातून हॉलपर्यंत आणणारी ती मधली पायरी आहे.

मालकाला आपले घर परक्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर त्याने दुपारी दहा मिनिटे खाली उन्हात उभे राहावे, जिना चढून वर यावे आणि दार उघडताच ज्या गोष्टी आधी दिसतात, तसेच ज्या कोपऱ्यांत काहीच दिसत नाही, त्यांची नोंद करावी. पुढचे सगळे हिशेब या यादीवर बसवता येतात.

वॉट विसरून ल्युमेन पाहणे

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत दिवा मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वॉटचा?’ ही सवय फिलामेंटच्या बल्बच्या काळातली आहे. तेव्हा सगळे बल्ब एकाच जातीचे असल्यामुळे किती वीज खाल्ली, यावरून किती उजेड मिळेल ते कळत असे. आज ते कळत नाही. साठ वॉटचा जुना बल्ब साधारण सातशे ल्युमेन देत असे आणि आज नऊ वॉटचा एलईडी बल्ब आठशे-नऊशे ल्युमेन देतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि एक ल्युमेन एक चौरस मीटरवर पसरला की तो एक लक्स होतो. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, परंतु तो वाचणारे गिऱ्हाईक विरळाच.

या आकड्यावरून खोलीचा ढोबळ हिशेब मांडता येतो. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, अर्थात सुमारे ११ चौरस मीटर. तिच्या भिंतीवर २० वॉटचा एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखा लांब दिवा असेल, तर तो सुमारे २,००० ल्युमेन देतो. त्यातला काही उजेड भिंती, छत आणि फर्निचर शोषून घेतात. निम्मा उजेड आपण बसतो त्या उंचीवर पोहोचला असे धरले, तर हजार भागिले अकरा, म्हणजे सरासरी नव्वद लक्स हाती लागतात. एरवी गप्पा मारायला आणि टीव्ही पाहायला एवढा उजेड चालतो, पण उन्हातून आलेल्या माणसाला खोली मोकळी आणि स्वच्छ वाटायची असेल, तर तो दोनशेच्या आसपास तरी हवा. याचा अर्थ एका बॅटनच्या भरवशावर ही खोली दाखवता येत नाही.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे त्याच जागी मोठा बॅटन लावणे, आणि तो उपाय अपेक्षेपेक्षा खूपच तोकडा पडतो. उजेड दुप्पट केला म्हणून तो दुप्पट जाणवत नाही. एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून असे दिसले की, जाणवणारा प्रखरपणा हा प्रत्यक्ष उजेडाच्या साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एखादी गोष्ट दुप्पट उजळ भासायची असेल, तर तिच्यावर आठपट उजेड टाकावा लागतो. हा नियम प्रत्येक खोलीला काटेकोरपणे लागू पडतो असे नाही, पण त्यातून दिशा कळते. वीस वॉटच्या जागी चाळीस वॉट लावल्याने डोळे दिपतात, खोलीचे रूप फारसे पालटत नाही. रूप पालटते ते उजेड कुठे पडतो यामुळे, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच आहे.

घर पाहणारा दिवे पाहत नाही

खोलीत शिरणाऱ्या माणसाची नजर समोर, आडवी असते. तिच्या पट्ट्यात येतात त्या भिंती, छताचा थोडा भाग आणि समोरचा कोपरा. पायाखालची फरशी तो क्वचितच पाहतो. खोली केवढी आहे, याचा अंदाज मेंदू तिच्या कडांवरून बांधतो. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ स्पष्ट दिसली, समोरचा कोपरा उजळलेला असला, तर खोली तिथवर पसरलेली आहे हे कळते. कोपरा काळोखात असला, तर खोली त्या काळोखाच्या अलीकडेच संपल्यासारखी वाटते, मग कार्पेट एरिया कागदावर कितीही लिहिलेला असो.

अमेरिकेतील प्रकाशयोजनाकार जॉन फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली हे प्रयोगाने तपासले. एकच कॉन्फरन्स रूम त्यांनी निरनिराळ्या प्रकारे उजळून लोकांना दाखवली आणि ती कशी वाटते ते विचारले. छतावरून फक्त मधल्या टेबलावर उजेड टाकला तेव्हाचे मत आणि भिंती उजळल्या तेव्हाचे मत यांत ठळक फरक पडला. भिंतींवर उजेड असताना तीच खोली लोकांना अधिक प्रशस्त वाटली. खोलीची एक वीटही हललेली नव्हती.

या निष्कर्षाच्या उजेडात आपल्याकडे घर विकायच्या आधी हौसेने केल्या जाणाऱ्या फॉल्स सीलिंगकडे पाहावे. जुन्या इमारतींत छताची उंची नऊ ते साडेनऊ फूट असते. पीओपीच्या खाली उतरवलेल्या छताने त्यातले सहा-आठ इंच जातात. मग त्यात बसवलेले सीओबी आणि डाउनलाइटर, म्हणजे छतातले छोटे दिवे, आपला जवळजवळ सगळा उजेड सरळ खाली फरशीवर ओततात, त्यामुळे भिंतींचा वरचा भाग आणि खुद्द छत काळवंडते. फोटोत ते हॉटेलसारखे दिसत असेल, परंतु प्रत्यक्षात छोट्या हॉलची त्यामुळे गुहा होते. विकायला काढलेल्या घरात नव्याने फॉल्स सीलिंग करणे हा माझ्या मते पैशांचा अपव्यय आहे. घेणाऱ्याला ते नको असले, तर तो तोडण्याचा खर्चही मनातल्या मनात किमतीतून वजा करतो.

त्याच पैशांच्या एका लहानशा हिश्श्यात भिंती उजळता येतात. सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात, नजरेआड, छताकडे तोंड करून ठेवलेला एक नऊ वॉटचा दिवा त्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंती आणि वरचे छत एकदम उजळतो. कपाटाच्या डोक्यावर किंवा लॉफ्टच्या कडेवर, खालून दिसणार नाही अशी एलईडी स्ट्रिप अंथरली की छत वर उचलल्यासारखे वाटते. ही स्ट्रिप उघडी दिसता कामा नये, तसेच ती चकचकीत लॅमिनेटजवळ असेल तर ती पांढरे आवरण असलेल्या खोबणीत (प्रोफाइलमध्ये) बसवावी. नाहीतर एकेका ठिपक्याचे प्रतिबिंब पडून देखाव्याचा मांडव होतो. छतात आधीपासून डाउनलाइटर असतील आणि ते हलवण्याची सोय असेल, तर भिंतीपासूनचे त्यांचे अंतर भिंतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे नऊ फुटांच्या खोलीत तीन फुटांच्या आसपास ठेवले की भिंत वरपासून खालपर्यंत सारखी उजळते.

दिवा भिंतीच्या अगदी जवळ, सहा-आठ इंचांवर आणला, तर मात्र उजेड भिंतीला घासत जातो आणि प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकू लागतो. दगडी भिंतीवर हा परिणाम देखणा दिसतो. आपल्या घरांतल्या, चार वेळा रंगवलेल्या आणि पावसाळ्यात फुगलेल्या भिंतींवर तो त्यांचे सगळे आयुष्य मांडून दाखवतो.

भिंतींचा रंग हाही दिव्याचाच एक भाग आहे, कारण खोलीतला बराचसा उजेड दिव्यापासून थेट आपल्यापर्यंत न येता भिंतीवरून भिंतीवर उसळत आलेला असतो. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ऐंशी टक्के परत फेकते; गडद लाकूड दहा-वीस टक्केच फेकते. बंद खोलीसाठी याचे एक सोपे गणित आहे. सगळ्या पृष्ठभागांची सरासरी परावर्तनक्षमता निम्मी असेल, तर पुन्हापुन्हा उसळून एकूण उजेड सुमारे दुपटीला पोहोचतो. ती सरासरी सत्तर टक्क्यांवर नेली, तर तिपटीहून थोडा वर जातो. प्रत्यक्ष खोलीत खिडक्या, पडदे आणि सामान असल्यामुळे एवढा फायदा पदरात पडत नाही, तरीही काळपट पिवळ्या पडलेल्या छताला पांढरा हात मारणे हे दिवे वाढवण्याच्या आधी करण्याचे काम आहे, हे यावरून कळते. हॉलची एक संपूर्ण भिंत व्यापणारे गडद सनमायकाचे टीव्ही युनिट असेल आणि ते हलवता येत नसेल, तर त्याच्या मागून किंवा वरून भिंतीवर उजेड सोडावा. युनिटवर उजेड टाकून काही साधत नाही, ते सगळा गिळून टाकते.

पांढरा, पिवळा आणि मधला

लोहार लोखंड तापवतो तेव्हा ते आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे. उजेडाच्या छटेला केल्व्हिन हे तापमानाचे एकक लावण्यामागे हीच गोष्ट आहे. जुन्या बल्बची तार सुमारे २,७०० केल्व्हिनपर्यंत तापत असे, म्हणून तसा पिवळसर उजेड देणाऱ्या एलईडीवर २,७०० किंवा ३,००० लिहिलेले असते आणि दुकानात त्याला वॉर्म व्हाइट म्हणतात. ढगाळ दिवसाच्या आभाळाची छटा ६,५०० केल्व्हिनच्या आसपास असते. तसा निळसर पांढरा उजेड म्हणजे कूल डे लाइट. या दोहोंच्या मध्ये, ४,००० केल्व्हिनला, नॅचरल व्हाइट बसतो. यातला घोळ असा की, जास्त तापमानाचा उजेड डोळ्याला थंड वाटतो आणि कमी तापमानाचा उबदार.

घर सजवण्याविषयीचे परदेशी सल्ले एकमुखाने उबदार उजेडाची शिफारस करतात. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलू नये. ज्या पिढीने कमी दाबाच्या विजेवर मिणमिणणारे तांबूस बल्ब पाहिले, तिच्या मनात पिवळा उजेड म्हणजे अपुरा उजेड आणि घरात ट्यूबलाइट येणे म्हणजे चांगले दिवस येणे, हे समीकरण पक्के आहे. त्यातच उन्हाळ्याच्या दिवसांत निळसर पांढरा उजेड गारवा सुचवतो. यामागे केवळ सवयच आहे असेही नाही. नेदरलँड्समधील आरी क्रुइथॉफ या भौतिकशास्त्रज्ञाने १९४१ साली असे मांडले की, कमी उजेड असेल तेव्हा उबदार छटा सुखावते, तर उजेड भरपूर असेल तेव्हा पांढरी छटा स्वाभाविक वाटते. कमी उजेड आणि थंड छटा यांची जोडी मात्र उदास, निर्जीव भासते. पुढच्या संशोधकांनी या नियमावर आक्षेप घेतले आहेत, पण त्याचा शेवटचा भाग कोणालाही पडताळून पाहता येतो. मोठ्या खोलीत एकच ६,५००चा बॅटन लावला की जी सरकारी कचेरीची कळा येते, ती हीच.

माझा कल हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेज ४,०००वर ठेवावेत आणि बेडरूम व देवघर ३,०००वर, असा आहे. पण कोणती छटा निवडली यापेक्षा एका नजरेत एकच छटा दिसणे महत्त्वाचे आहे. घरातले दिवे वर्षानुवर्षे एकेक करून बदललेले असतात, त्यामुळे हॉलमध्ये एक निळसर बॅटन, शेजारी पिवळे पॅनल आणि बाल्कनीत हिरवट सीएफएल असे कडबोळे अनेक घरांत आढळते. राहणाऱ्याला ते जाणवत नाही. नव्याने येणाऱ्याला ‘काहीतरी कळकट आहे’ एवढेच वाटते. ते का वाटले हे त्यालाही सांगता येत नाही. सगळे दिवे एकाच वेळी, एकाच छटेचे विकत घेणे हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वस्त बदल आहे. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी योजनेनंतर एलईडी बल्बच्या किमती इतक्या उतरल्या की, वन बीएचकेचे सगळे बल्ब बदलणे हा आता मोठा खर्च राहिलेला नाही.

छटेइतकाच, पण खोक्यावर बारीक अक्षरात असणारा दुसरा आकडा म्हणजे सीआरआय. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठीच इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा उजेड भासतो. त्यात स्वस्त दिव्यांमध्ये तांबड्याचा वाटा कमी पडतो. उजेड पांढराच दिसतो, पण त्यात सागवानी दरवाजा, हळदीकुंकवाची कोयरी आणि माणसांचे चेहरे फिकट पडतात. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, ते सीआरआय शंभरपैकी सांगतो; बाजारातला सर्वसाधारण दिवा ८० च्या घरात असतो. हा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गर्द तांबडा रंग त्या आठांत नसतो, त्यामुळे ८० गुणांचा दिवासुद्धा तांबड्यात नापास होऊ शकतो. प्रत्येक दिवा ९० चा घेण्याची गरज नाही. लाकूडकाम चांगले असेल त्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि बेसिनच्या आरशापाशी तो घेतला की पुरते.

ओट्याबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा छताच्या मध्यावर किंवा मागच्या भिंतीवर असतो, त्यामुळे ओट्याशी उभ्या राहिलेल्या माणसाची सावली नेमकी ओट्यावर पडते. त्यातच ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असतो. घर पाहायला आलेली गृहिणी ओट्यापाशी जाऊन उभी राहतेच. भिंतीवरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला लावलेली एक एलईडी पट्टी ही सावली पुसून टाकते.

खिडकी

आपल्याकडे घर पाहणाऱ्याचा ठरलेला प्रश्न ‘हवा-उजेड कसा आहे?’ हा असतो आणि त्यातला उजेड म्हणजे खिडकीतला उजेड. तो वाढवता येत नाही असे वाटते. पण अडवलेला उजेड सोडवता नक्कीच येतो.

नैसर्गिक उजेड खोलीत किती आत पोहोचतो, याचा एक ठोकताळा आहे. फरशीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची जेवढी, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड जातो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल, तर चौदा ते साडेसतरा फूट. म्हणजे खिडकीचा वरचा फूटभर भाग सर्वांत मोलाचा ठरतो आणि आपण नेमका तोच पडद्याच्या झालरीने, पेल्मेटने किंवा खिडकीतल्या एसीने झाकतो. ढगाळ दिवसांत तर हे अधिकच खरे असते. पूर्ण झाकोळलेले आभाळ डोक्यावर जेवढे उजळ असते, त्याच्या एक तृतीयांशच ते क्षितिजाजवळ असते, हे १९४२ साली गणिताने मांडले गेले असून आजही इमारतींच्या आखणीत ते वापरतात. दोन इमारतींच्या मधल्या फटीतून आभाळ दिसणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या घराला ते उजळ, वरचे आभाळ खिडकीच्या वरच्या भागातूनच दिसते. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा फूटभर रुंद आणि थोडा वर नेला, म्हणजे पडदा उघडल्यावर संपूर्णपणे भिंतीवर सरकतो आणि काच मोकळी राहते.

ग्रिलमधले सामान, वाळत घातलेले कपडे आणि कुंड्यांमागच्या रिकाम्या खोक्यांचा साठा घर दाखवायच्या दिवशी हलवायलाच हवा. डासांच्या बारीक जाळीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. स्वच्छ असतानाही ती बराच उजेड अडवते आणि धूळ धरल्यावर त्याहून जास्त. सरकत्या खिडकीची जाळी दोन तासांसाठी काढून ठेवली, तर हॉलमध्ये डोळ्याला जाणवेल एवढा फरक पडतो. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी विरळ असते, ती राहिली तरी चालते.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सूर्याकडे पाहावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरीने बारा चाळीसच्या आसपास. चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटला फटीतून ऊन मिळण्याची हीच वेळ असते, म्हणून असे घर साडेबारा ते दीडच्या दरम्यान दाखवावे. पूर्वेच्या घराला सकाळी आठ ते अकरा ही वेळ उत्तम. दक्षिणेच्या घराची खरी शोभा हिवाळ्यात असते: डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर राहतो आणि छज्जा आडवा आला नाही, तर सात फूट उंचीच्या खिडकीतून ऊन सहा फुटांपर्यंत आत येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा त्याच खिडकीला दुपारी थेट ऊन मिळत नाही. उत्तरेच्या घराला दिवसभर सारखा, सौम्य उजेड असतो. ते कधीही दाखवता येते. पश्चिमेच्या घराचा प्रश्न अवघड आहे. संध्याकाळी ते सोन्यासारखे दिसते, पण एप्रिल-मेमध्ये त्या सोन्याबरोबर तापलेल्या भिंतीही येतात आणि घेणारा हात लावून पाहतो.

फोटोतला उजेड

आता बहुतेक घरे आधी मोबाइलवर पाहिली जातात आणि कॅमेऱ्याचा डोळा आपल्यासारखा नसतो. आपण खिडकीबाहेरचे ऊन आणि खोलीतला कोपरा दोन्ही एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेरा एक सांभाळायला गेला की दुसरे जाळतो किंवा बुडवतो. तसेच तो एका फोटोत एकच छटा पांढरी धरतो, त्यामुळे डोळ्याला एरवी सोसणारी पिवळ्या-निळ्याची सरमिसळ फोटोत भडक होते. भर दुपारी काढलेल्या फोटोत खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन असतो, हा अनुभव सर्वांचाच आहे.

यावर उपाय सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत सापडतो. त्या वेळी बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. खिडकीत निळे आभाळ आणि समोरच्या इमारतीचे दिवे दिसतात, आत भिंती उजळलेल्या असतात आणि कॅमेऱ्याला दोन्ही झेपते. मुंबईत ही वेळ डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सुरू होते, तर जूनमध्ये सव्वासातनंतर. आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश झटपट सरतो, म्हणून सामान आवरणे, पुसणे, दिवे लावणे हे आधीच उरकलेले असावे. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, कारण तो जवळची वस्तू पांढरीफटक करून मागची भिंत अंधारात ढकलतो, म्हणजे आतापर्यंत केलेल्या सगळ्या खटाटोपाच्या नेमके उलटे करतो.

फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळपट पट्टे सरकताना दिसले, तर दोष दिव्याचा आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यामुळे हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते आणि काहींना अशा उजेडात डोके जड झाल्यासारखे होते. हा दिवा बदलावा. साध्या एलईडीला जुना डिमर जोडला असेल तरी हाच विकार उद्भवतो.

झाकणे आणि दाखवणे

भिंतीवर समोरून मऊ उजेड टाकला की ओलीचा डाग फिका पडतो, हे वरच्या विवेचनावरून कोणाच्याही लक्षात येईल. तिथेच थांबायला हवे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसण्यासारखा नाही, तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. गळती असेल तर आधी गळती दुरुस्त करावी, भिंत वाळू द्यावी, मग रंग आणि त्यानंतर दिवे. तशीही अनुभवी माणसे मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून, आडव्या उजेडात प्लास्टर पाहतात. घर घेणाऱ्यानेही हे अवश्य करावे. त्याशिवाय आतले सगळे दिवे पाच मिनिटे बंद करायला सांगावे आणि खिडकीचा खरा उजेड पाहावा. दिवसा दिवे लावलेले असणे यात गैर काही नाही, पण ते बंद करायला मालक का-कू करत असेल तर त्याचे कारण विचारावे.

जुन्या वायरिंगवर उजेडाचा भार फारसा नसतो, कारण संपूर्ण घराचे एलईडी मिळून एका गिझरच्या दशांशाएवढीही वीज घेत नाहीत. धोका असतो तो सोफ्यामागून आणि पडद्यामागून ओढलेल्या उघड्या जोडांचा. तात्पुरते दिवेसुद्धा वायरमनकडूनच लावून घ्यावेत आणि स्ट्रिपचा ड्रायव्हर पडद्याला किंवा गादीला टेकणार नाही, हवा खेळेल अशा जागी ठेवावा.

शेवटी राहतो तो व्यवहाराचा एक मुद्दा, ज्यावरून ताबा देण्याच्या दिवशी कटुता येते. घेणाऱ्याने घर पाहिले ते झुंबरासह, भिंतीवरच्या दिव्यांसह आणि ओट्यावरच्या पट्टीसह, त्यामुळे ते सगळे घराबरोबर मिळणार असे तो धरून चालतो. विकणाऱ्याने मात्र झुंबर नव्या घरी न्यायचे ठरवलेले असते. जे न्यायचे आहे ते घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वीच उतरवून तिथे साधा दिवा लावावा, आणि जे राहणार आहे त्याची पंखे, गिझर यांच्यासह यादी करून ती करारनाम्याला जोडावी.